फाइलचा ताळा

मोठा गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्याची एक जुनी युक्ती तुम्हांला ठाऊक असेल. तिला नवाचा ताळा म्हणतात. समजा, ३४७ ला २८ ने गुणून तुमचे उत्तर ९७१६ आले. ३४७ मधील अंकांची बेरीज १४. पुन्हा १ आणि ४ मिळून ५. २८ मधील अंकांची बेरीज १०, म्हणजे १. पाच एके पाच. आता उत्तर घ्या. ९, ७, १ आणि ६ मिळून २३. २ आणि ३ मिळून ५. ताळा जमला! सबंध गुणाकार पुन्हा न करता एका अंकावर काम भागले.

पण घाईघाईत ९७१६ ऐवजी ९७६१ असे लिहिले गेले तर? अंकांची बेरीज पुन्हा २३ आणि ताळा पुन्हा ५. उत्तर चुकले, पण ताळ्याला ते कळले नाही. याचे कारण सोपे आहे. ताळ्याची घरे अवघी नऊ, १ ते ९. जगातल्या सगळ्या संख्या या नऊ घरांत बसवायच्या म्हटल्यावर एकेका घरात असंख्य संख्यांची दाटी होणारच.

हीच युक्ती सुधारून संगणकाच्या फायली ओळखण्यासाठी वापरतात. ती कशी वापरतात, तिच्यावर किती विसंबावे आणि कोठे सावध राहावे, हे या लेखात पाहू.

नाव म्हणजे ओळख नव्हे

समजा, शाळेच्या संगणकावर एक नवे सॉफ्टवेअर बसवायचे आहे. कोणीतरी त्याचे पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी तयार केलेली फाइल, पेनड्राइव्हवर आणून देतो. फाइलच्या नावात सॉफ्टवेअरचे नाव आहे, आवृत्तीचा क्रमांकही आहे. एवढ्यावरून ती फाइल खरी मानावी का?

फाइलचे नाव हे स्वयंपाकघरातल्या डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखे असते. चिठ्ठीवर 'साखर' लिहिले म्हणून डब्यात मीठ नसेलच असे नाही. नाव कोणालाही बदलता येते, फाइलची तारीख बदलता येते, आकारसुद्धा मुद्दाम जुळवता येतो. डब्यात काय आहे हे पाहायचे तर झाकणच उघडले पाहिजे.

हा प्रश्न केवळ काल्पनिक नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय संगणकप्रणालीच्या संकेतस्थळात हल्लेखोर शिरले. १७.३ या आवृत्तीच्या 'सिनॅमन' प्रकाराची फाइल उतरवून घेण्याचा दुवा त्यांनी बदलला. नाव तेच, पान तेच. परंतु दुवा दाबला की बल्गेरियातील एका संगणकावरची फेरफार केलेली फाइल येत असे. त्या फाइलमध्ये एक चोरदरवाजा ठेवलेला होता. ज्यांनी त्या दिवशी ती फाइल घेऊन आपल्या संगणकावर बसवली, त्यांनी परक्या माणसाला आपल्या घराची किल्लीच दिली म्हणायची! प्रकल्पाच्या चालकांनी ही गोष्ट जाहीर केली, तेव्हा सोबत खऱ्या फायलींचे 'ताळे' प्रसिद्ध केले आणि प्रत्येकाने आपली फाइल त्यांच्याशी ताडून पाहावी असे सांगितले.

आपणच एक ताळा बनवू या

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक फाइल म्हणजे ० आणि १ यांची एक लांबलचक माळ असते. मजकूर असो, चित्र असो की सॉफ्टवेअर, शेवटी सगळ्याचे अंकच होतात. अंक आले म्हणजे ताळाही काढता आला.

नवाच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नव्हती. तो दोष घालवू. वही-पेन्सिल घ्या. क पासून ळ पर्यंतच्या व्यंजनांना १ ते ३४ असे क्रमांक द्या. क म्हणजे १, म म्हणजे २५, ल म्हणजे २८ आणि ळ म्हणजे ३४. आता नियम असा: पहिल्या अक्षराचा क्रमांक घ्यायचा, त्याला ३७ ने गुणायचे, पुढच्या अक्षराचा क्रमांक मिळवायचा आणि आलेल्या संख्येचे फक्त शेवटचे तीन अंक ठेवायचे. शब्द संपेपर्यंत हेच करत राहायचे.

'कमल' हा शब्द घेऊ. सुरुवात १ ने. १ × ३७ + २५ = ६२. पुढे ६२ × ३७ + २८ = २३२२; शेवटचे तीन अंक ३२२. आता 'कलम' घ्या. १ × ३७ + २८ = ६५. पुढे ६५ × ३७ + २५ = २४३०; ताळा ४३०. अक्षरे तीच, क्रम वेगळा आणि ताळाही वेगळा! शिवाय आता नऊच्या जागी एक हजार घरे झाली.

मग झाले का काम? अजून नाही. 'कमळ' या शब्दाचा ताळा काढा. तो ३२८ येतो. 'कमल'च्या ३२२ च्या अगदी शेजारी! शेवटच्या अक्षरात केवढा बदल केला की ताळ्यात केवढा फरक पडतो, हे कोणालाही दिसते. जे दिसते त्याचा लबाड माणूस उपयोग करून घेणारच. त्याला 'र' ने सुरू होणारा आणि ३२२ हाच ताळा असलेला शब्द हवा असेल, तर तो थोडी आकडेमोड करून 'रझय' हा शब्द तयार करील. २७ × ३७ + ९ = १००८, म्हणजे ८; ८ × ३७ + २६ = ३२२. 'रझय'ला काही अर्थ नाही, हे खरे. परंतु सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये अशी निरर्थक अक्षरे कोठेतरी कोपऱ्यात दडवून ठेवता येतात आणि ती कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

यावरून चांगल्या ताळ्यासाठी काय हवे ते ठरवता येईल. एक, त्याची घरे अतिप्रचंड हवीत. दोन, फाइलमध्ये तिळाएवढा बदल झाला तरी ताळा ओळखू न येण्याइतका बदलायला हवा. तीन, ठरावीक ताळा येईल अशी फाइल मुद्दाम बनवणे अशक्यप्राय असायला हवे. असा ताळा काढण्याच्या रीतींना 'क्रिप्टोग्राफिक हॅश' म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी 'ठसा' म्हणू. कारण बोटाचा ठसा माणसाची ओळख पटवतो, तसा हा फाइलची पटवतो.

दोनशे छप्पन्न बिटांचा ठसा

आज सर्वांत अधिक वापरली जाणारी रीत म्हणजे 'शा-२५६'. ती २००२ साली अमेरिकेत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात फाइलचे ५१२ बिटांचे तुकडे करतात. प्रत्येकी ३२ बिटांच्या आठ संख्या सुरुवातीला मांडून ठेवलेल्या असतात. एकेक तुकडा त्या आठ संख्यांत ६४ वेळा घुसळला जातो. बिटे सरकवली जातात, मिळवली जातात, एकमेकांशी ताडली जातात. सगळे तुकडे संपले की त्या आठ संख्या ओळीने मांडायच्या. हाच २५६ बिटांचा ठसा. फाइल एका अक्षराची असो की अख्ख्या चित्रपटाची, ठशाची लांबी तेवढीच.

त्या आठ प्रारंभिक संख्या कोठून आल्या, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. त्या पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांतून घेतल्या आहेत! २ चे वर्गमूळ १.४१४२१३५६…, त्यातील पूर्णांक सोडून अपूर्णांकाची पहिली ३२ बिटे घेतली की पहिली संख्या मिळते. असे करण्यामागे एक हेतू आहे. या संख्या कोणी गुपचूप आपल्या सोयीने निवडल्या असतील, ही शंकाच उरू नये.

ठसा लिहिताना चार-चार बिटांचा गट करून त्याला एक चिन्ह देतात. ० ते ९ हे दहा अंक आणि रोमन लिपीतील ए पासून एफ पर्यंतची सहा अक्षरे अशी ही सोळा चिन्हे असतात. २५६ बिटांची ६४ चिन्हे होतात. इंग्रजीतील 'हेलो' हा पाच अक्षरी शब्द सगळ्या लहान अक्षरांत लिहिला, तर त्याचा ठसा '२सीएफ२४डीबीए…' असा सुरू होतो. फक्त पहिले अक्षर मोठे केले, तर तो '१८५एफ८डीबी३…' असा होतो. लहान आणि मोठ्या एच् मध्ये फरक किती? ०११०१००० आणि ०१००१०००. चाळीस बिटांपैकी केवळ एक बिट बदलले; ठसा मात्र सर्वस्वी निराळा झाला.

आता घरे किती झाली ते पाहा. २ चा २५६ वा घात म्हणजे १ वर ७७ शून्ये दिल्यास येणाऱ्या संख्येहून थोडी मोठी संख्या. आपल्या सबंध पृथ्वीतील अणू मोजले तरी ते १ वर ५० शून्ये याच्या आसपास भरतात!

ओळखीच्या फायलींची यादी

एकदा असा ठसा हाती आला की फार मोठे काम सोपे होते. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी एक संगणक जप्त केला आहे. त्यात लाखो फायली आहेत. त्या एकेक उघडून पाहायच्या तर वर्षे लागतील. परंतु त्यांतील पुष्कळशा फायली संगणकप्रणालीच्या आणि बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या असतात. त्या सगळ्या जगात जशाच्या तशा सापडतात. त्यांत तपासण्यासारखे काय असणार?

या कामासाठी अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निस्ट, एक आगळे ग्रंथालय चालवते. तेथे पुस्तकांऐवजी सॉफ्टवेअरची पॅकेजे जमवली जातात. प्रत्येक पॅकेजातील प्रत्येक फाइलचा ठसा काढून त्यांची यादी सर्वांसाठी प्रसिद्ध केली जाते. तपासनीस जप्त संगणकातील फायलींचे ठसे काढतो आणि यादीशी ताडतो. ज्यांची ओळख पटली त्या बाजूला, उरलेल्या पाहायच्या. फाइलचे नाव बदलून ती भलत्याच ठिकाणी लपवली असली तरी फरक पडत नाही, कारण ठसा आतल्या मजकुराचा असतो, नावाचा नव्हे.

एवढ्या मोठ्या यादीत शोधायला वेळ लागत नसेल का? यादी क्रमाने लावलेली असली की फारसा लागत नाही. शब्दकोशात शब्द पाहताना आपण मधले पान उघडतो आणि नको तो अर्धा भाग सोडून देतो, तसेच येथेही करायचे. एक कोटी ठशांच्या यादीत हवा तो ठसा आहे की नाही, हे चोवीस तुलनांत ठरते. २ चा २४ वा घात एक कोटीहून मोठा आहे ना!

येथे एक बारकावा ध्यानात ठेवा. निस्टच्या यादीत फाइल आढळली म्हणजे ती 'ओळखीची' ठरली. 'चांगली' ठरली नाही. त्या यादीत हल्ल्यासाठी वापरता येणाऱ्या काही साधनांचेही ठसे आहेत. ठसा सांगतो, ही फाइल कोणती. ती कशी, हे तो सांगत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. ठशाला 'तंतोतंत तीच' एवढेच कळते. 'जवळजवळ तीच' हे कळत नाही. एकाच मूळ आज्ञावलीपासून दोघांनी दोन दिवशी पॅकेज तयार केले आणि त्यात तयार केल्याची वेळ नोंदली गेली, तर दोन ठसे येतात. म्हणून डेबियन या लिनक्स प्रकल्पात २०१३ पासून एक प्रयत्न चालू आहे: त्याच आज्ञावलीपासून कोणीही, केव्हाही पॅकेज बनवले तरी ते बिटाबिटाने सारखेच यावे. तसे झाले की ठसे ताडून कोणालाही पडताळा घेता येईल.

ठसे खोटे पाडता येतात का?

तुमच्या वर्गात २३ विद्यार्थी असतील, तर त्यांपैकी कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. परंतु तुमच्याच वाढदिवसाचा जोडीदार मिळण्याची तेवढी शक्यता हवी असेल, तर आणखी २५३ जण लागतात. ठशांचेही असेच आहे. कोणत्याही दोन फायलींचे ठसे जुळवणे हे एका दिलेल्या फाइलचा ठसा जुळवण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

१९९२ साली प्रसिद्ध झालेली 'एमडी-५' ही १२८ बिटांची रीत अनेक वर्षे सर्वत्र वापरात होती. २००४ साली चिनी गणितज्ञ वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी-५ ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या माळा तयार करून दाखवल्या. २०१७ साली अॅमस्टरडॅमची एक संशोधन संस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी 'शा-१' या १६० बिटांच्या रीतीतही तसेच केले. दोन निराळी कागदपत्रे आणि ठसा एक! दिलेल्या फाइलला जुळणारी दुसरी फाइल मात्र एमडी-५ मध्येही कोणी करून दाखवलेली नाही. तरीही जो माणूस चांगली आणि वाईट अशी जोडी आधीच बनवून ठेवील, तो चांगली दाखवून वाईट देऊ शकतो. म्हणून नव्या कामासाठी या जुन्या रीती वापरू नयेत.

शा-२५६ मध्ये अशी जोडी योगायोगाने सापडायला किती काळ लागेल? पृथ्वीवरील आठशे कोटी माणसांपैकी प्रत्येकाने दर सेकंदाला दहा लाख फायली बनवल्या, तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे एक लाख पट!

यादी कोणाची?

एवढा भक्कम ठसा असताना मग घोटाळा कोठे होईल? घोटाळा ठशात नव्हे, यादीत होईल. लिनक्स मिंटचे उदाहरण पुन्हा आठवा. जो हल्लेखोर संकेतस्थळावरील दुवा बदलू शकतो, तो त्याच पानावर छापलेला ठसाही बदलू शकतो. मग खोटी फाइल आणि खोटा ठसा यांचा ताळा छान जमेल! वजन आणि माप एकाच्याच हाती दिल्यासारखे ते झाले.

म्हणून यादीवर डिजिटल सही करतात. डेबियनमध्ये साठ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. प्रत्येकाचा ठसा एका यादीत असतो. त्या यादीचा ठसा दुसऱ्या एका छोट्या फाइलमध्ये असतो. आणि त्या छोट्या फाइलवर प्रकल्पाची सही असते. सही पडताळण्याची किल्ली संगणकावर आधीपासून असते. तुम्ही एखादे पॅकेज बसवता तेव्हा ही साखळी मुकाट्याने तपासली जाते. एका सहीवर साठ हजार पॅकेजांची राखण होते.

परंतु सही करणाऱ्यानेच दगा दिला तर? तेही घडले आहे. 'एक्सझेड' हे फायली दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर अनेक लिनक्स संगणकांवर असते. त्याची देखभाल करणाऱ्यांपैकी एकाने २०२४ च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. ठसे जुळत होते, कारण खुद्द अधिकृत पॅकेजच दूषित होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. एवढ्याशा उशिराचे कारण शोधत तो मुळापर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने ही गोष्ट जगापुढे मांडली. दोष ठशामुळे सापडला नाही. तो एका माणसाच्या चौकसपणामुळे सापडला. मात्र सापडल्यावर ती दूषित फाइल कोणाकोणाकडे पोचली आहे, हे ठरवायला पुन्हा ठसाच कामी येतो. 'ओळखीच्या वाईट' फायलींची यादीही तितकीच उपयोगी असते.

करून पाहा

शाळेतील संगणकावर साध्या मजकुराची एक फाइल तयार करा. लिनक्स असल्यास रोमन लिपीत एस-एच-ए-२५६-एस-यू-एम ही अक्षरे मधल्या रेघा न देता लागोपाठ टाइप करून पुढे जागा सोडा व फाइलचे नाव द्या. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' हा प्रोग्रॅम हेच काम करतो. आलेला ठसा वहीत उतरवून घ्या. मग फाइलचे नाव बदला व ठसा पुन्हा काढा. नंतर मजकुरात एक पूर्णविराम घाला व पुन्हा काढा. शेवटी तो पूर्णविराम खोडून चौथ्यांदा काढा. चार ठशांपैकी कोणते जुळतील, याचा अंदाज आधी लिहून ठेवा. एक सूचना: काही संपादक फाइलच्या अखेरीस ओळ संपल्याची अदृश्य खूण आपणहून घालतात. डोळ्यांना ती दिसणार नाही, पण ठशाला दिसेल.

ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांनी आपला वहीतला ताळा घ्यावा. काना-मात्रा नसलेले तीन अक्षरी पन्नास शब्द लिहून प्रत्येकाचा ताळा काढा. हजार घरे असली तरी एकाच घरात राहणारे दोन शब्द बहुधा सापडतील. इतक्या थोड्या शब्दांत ते का सापडतात, याचे उत्तर वर वाढदिवसांच्या हिशेबात दडलेले आहे. ते शोधून काढा.